अर्ध्या सेकंदात 60 फेरे

परवा मावशीचा जुना संगणक तपासायला घेतला. "अरे, फोटो उघडायला गेलं की अडकून बसतंय," एवढीच तिची तक्रार. आत 500 जीबीची हार्ड डिस्क होती. आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले आणि मग एमएचडीडी नावाचा तपासणीचा जुना प्रोग्राम लावला. काळ्या पडद्यावर बारीक बारीक ठोकळे भराभर उमटू लागले. एक ठोकळा म्हणजे 255 सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे बारीक तुकडे. तो 50 मिलिसेकंदांच्या आत वाचून झाला तर राखाडी, 150 पर्यंत हिरवा, 500 पर्यंत तपकिरी आणि त्याच्या पलीकडे लाल. बराच वेळ राखाडी रांगा सरकत राहिल्या, मग एकदम ओळीने चार लाल.

आता गंमत बघा. ही डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. लाल ठोकळा उमटायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, म्हणजे तेवढ्यात तबकडीचे किमान 60 फेरे होतात. तीच जागा हेडखालून पुन्हा पुन्हा जाते, डिस्क हेड किंचित इकडे तिकडे सरकवून बघते, दुरुस्तीचं गणित पुन्हा मांडते आणि परत वाचते. "अडकून बसतंय" असं आपण म्हणतो तेव्हा डिस्क आपला फोटो वाचवायला जिवाचं रान करत असते. मला तर त्या लाल ठोकळ्याबद्दल आदरच वाटतो.

मोजणीचे दगड आणि सातबारा

"लो-लेव्हल फॉरमॅट मारा, बॅड सेक्टर जातील" हा सल्ला दुकानात आजही सर्रास मिळतो. त्यात काय खरं आणि काय नाही, हे कळायला शेताचं उदाहरण बरं पडतं. कोऱ्या जमिनीची मोजणी करून हद्दीचे दगड रोवणं, हे लो-लेव्हल फॉरमॅट. वाटण्या करणं, हे पार्टिशन. सातबाऱ्यावर नावं चढवणं, हे आपलं नेहमीचं फॉरमॅट. फाइल डिलीट केली की सातबाऱ्यावरचं नाव तेवढं खोडलं जातं, शेतात पीक उभंच असतं. डिलीट झालेले फोटो परत मिळवून देणारे प्रोग्राम याच उभ्या पिकावर जगतात.

हे हद्दीचे दगड एके काळी खरोखरच वापरणारा स्वतः रोवायचा. 1983 साली आयबीएमचा पीसी एक्सटी आला तो 10 एमबीची हार्ड डिस्क घेऊन. त्या पिढीच्या डिस्कमध्ये हेड हलवायला स्टेपर मोटर असे. इतक्या पायऱ्या पुढे, इतक्या मागे, एवढंच तिला कळायचं. आपण खरोखर ट्रॅकवर, म्हणजे तबकडीवरच्या ठरलेल्या गोल रेघेवर, आहोत की नाही, हे पाहायची सोयच नव्हती. त्यामुळे डिस्क घरी आणली की डॉसच्या डीबग प्रोग्राममध्ये शिरून 'जी=सी800:5' असं टंकायचं. पुष्कळशा कंट्रोलर कार्डांच्या रॉममधला फॉरमॅटचा प्रोग्राम त्या पत्त्यावर असायचा. तो जागा झाला की एकेक प्रश्न विचारायचा आणि मग तबकडीवर रेघा आखायला बसायचा.

त्यातला एक प्रश्न तर फारच लोभस. डिस्कच्या अंगावर एक कागद चिकटवलेला असे, त्यावर कारखान्यात सापडलेल्या खराब जागांची यादी: अमुक सिलिंडर, तमुक हेड. ती यादी बघून बघून हाताने टंकायची. नवी कोरी वस्तू स्वतःचे दोष अंगावर लिहूनच दुकानातून यायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आजच्या डिस्कमध्येही अशी यादी असतेच, फक्त ती आत लपवलेली असते. कारखान्यातून आलेली यादी वेगळी आणि वापरात पडलेल्या डागांची वेगळी.

वाढपी पुढे गेला

त्या काळी फॉरमॅट करताना 'इंटरलीव्ह' किती ठेवायचं, हेही ठरवावं लागे. पंगतीत वाढपी समोरून जातो, आपल्या तोंडात घास असतो, "वाढा" म्हणेपर्यंत तो पुढे निघून जातो. मग पुढच्या फेरीची वाट बघायची. तेव्हाच्या संगणकाचं नेमकं हेच व्हायचं. एक सेक्टर गिळेपर्यंत पुढचा सेक्टर हेडखालून निसटलेला असायचा आणि अख्खा फेरा वाया जायचा. यावर तोड अशी काढली की क्रमाने येणारे सेक्टर शेजारी शेजारी ठेवायचेच नाहीत. एक्सटीमध्ये दर सहावी जागा धरायचे. म्हणजे 17 सेक्टरांचा एक ट्रॅक वाचायला सहा फेरे लागायचे, पण चुकलेल्या घासापेक्षा ते परवडायचं.

आणि हा आकडा चुकला की तीच डिस्क, तोच संगणक, पण वेग गोगलगाईचा. स्टीव्ह गिब्सन या अमेरिकी प्रोग्रामरने 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पिनराइट आणलं ते मुळात याच दुखण्यावर. आतला डेटा न पुसता, एकेक ट्रॅक उचलून, नव्या क्रमाने फॉरमॅट करून परत जागेवर ठेवायचं. हे औषध इतकं चाललं की इंटरलीव्ह इतिहासजमा झाल्यावरही स्पिनराइट डिस्क-तपासणीचं साधन म्हणून टिकलं. त्याची 6.0 आवृत्ती 2004 मध्ये आली आणि 6.1 थेट 2024 मध्ये. वीस वर्षं एका आवृत्तीवर काढणारी सॉफ्टवेअर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील.

तेव्हाच्या जाणकारांचे आणखी दोन नियम होते. पहिला, डिस्क ज्या अवस्थेत वापरायची, आडवी तर आडवी आणि उभी तर उभी, त्याच अवस्थेत फॉरमॅट करायची. दुसरा, आधी अर्धा तास चालू ठेवून तापू द्यायची. धातू तापला की फुगतो, ट्रॅक बारीकसे सरकतात. थंडीच्या सकाळी संगणक सुरू होईना आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू झाला, यामागे अनेकदा हेच कारण असायचं.

मग दगड हलवणं बंद झालं

1980च्या दशकाच्या अखेरीस आयडीई डिस्क आल्या आणि कंट्रोलर डिस्कच्याच पोटात गेला. स्टेपर मोटरच्या जागी व्हॉइस कॉइल आली. नाव ऐकून स्पीकर आठवला असेल तर बरोबरच आहे, तत्त्व तेच: चुंबकाच्या क्षेत्रात तारेचं वेटोळं. ही मोटर पायऱ्या मोजत नाही. ती तबकडीवर कारखान्यात कोरलेल्या खुणा वाचत वाचत ट्रॅकवर टिकून राहते. या सर्वो खुणा म्हणजेच आजचे हद्दीचे दगड आणि ते उपटून परत रोवायची सोय डिस्क बाहेरच्या कुणालाही देत नाही. बरंच आहे. 20 एमबीच्या एसटी-225 या जुन्या, लोकप्रिय डिस्कवर एका पृष्ठभागावर 615 ट्रॅक होते. आज काही लाख असतात. ही आखणी घरच्या टेबलावर व्हायची नाही.

तरीही 1990च्या दशकात बऱ्याच बायोसच्या मेनूत 'लो-लेव्हल फॉरमॅट' हा पर्याय होताच. आयडीई डिस्कवर तो वापरू नका असं हार्ड डिस्कवालेच बजावायचे आणि लोक तरी वापरायचे. आज 'लो-लेव्हल फॉरमॅट' म्हणून जे प्रोग्राम मिळतात ते काय करतात? पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत शून्य लिहीत जातात. बस्स!

पण थांबा, म्हणून तो सल्ला अगदीच फोल नाही. शून्य लिहून डिस्क बरी झाल्याचं हजारोंनी पाहिलंय आणि त्यामागचं कारण मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं.

लिहाल तेव्हाच बदलेन

एखादा सेक्टर वाचता येईना की डिस्क तो लगेच फेकून देत नाही. त्यात तुमचं काहीतरी आहे, उद्या कदाचित वाचता येईल, म्हणून ती त्याला 'प्रलंबित' यादीत टाकते. तिथे नवं काही लिहायची वेळ आली की मगच निकाल लावते, कारण तुम्ही नवं लिहिताय म्हणजे जुन्याची गरज संपली. लिहून परत नीट वाचता आलं तर ती जागा ठणठणीत, नाव यादीतून बाद. नाही आलं तर राखीव जागांपैकी एक तिच्या नावावर आणि जुनी जागा कायमची बंद. पत्ता तोच राहतो, घर बदलतं.

म्हणून शून्य लिहिलं की बॅड सेक्टर 'जातात'. मावशीच्या डिस्कवर 24 सेक्टर प्रलंबित होते. पूर्ण डिस्कवर शून्य फिरवल्यावर त्यातले 21 जागच्या जागी सुधारले, तिघांना राखीव घरं मिळाली. त्या 21 जागा मुळात फुटक्या नव्हत्याच. लिहिता लिहिता वीज गेली किंवा धक्का बसला, की सेक्टर अर्धवट राहतो. तबकडी धडधाकट असते, मजकूर तेवढा फाटलेला असतो.

हे कळलं की क्रम आपोआप कळतो: आधी डेटा उतरवायचा, मग तपासायचं, शून्य सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केल्यामुळे लोकांच्या लग्नाचे आणि बारशाचे फोटो गेलेले मी पाहिलेत. 'फॉरमॅट मारून बघू' हे शब्द तोंडून निघायच्या आधी दुसरी डिस्क हातात हवी.

आणि डिस्क टक्… टक्… टक्… असा ठेक्यात आवाज करत असेल तर तपासणीसुद्धा नको. हेडला हद्दीच्या खुणा सापडत नाहीत, ते परत मागे जातं, परत शोधतं, त्याचा तो आवाज. लगेच वीज बंद करा. अशा वेळी दर मिनिटाला तबकडीवर ओरखडे वाढू शकतात.

तीन आकडे पाठ करा

हार्ड डिस्क स्वतःची तब्येत स्वतः नोंदवते. या सोयीला स्मार्ट म्हणतात. तिची मुळं 1990च्या दशकातल्या आयबीएम आणि कॉम्पॅकच्या प्रयोगांत आहेत. नोंदींचा तक्ता भलामोठा असतो, पण तीन ओळी आधी बघा. 5 क्रमांक: किती जागा बदलल्या. 197 क्रमांक: किती प्रलंबित आहेत. आणि 199 क्रमांक: डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या बोलण्यात किती चुका झाल्या.

ही 199ची ओळ फार गुणाची. ती वाढतेय आणि बाकीच्या दोन शून्यावर आहेत, म्हणजे दोष बहुधा केबलचा. स्वस्तातली केबल बदलून वाचल्या असत्या अशा किती डिस्क भंगारात गेल्या असतील!

गूगलने 2007 मध्ये स्वतःकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला, तो या विषयातला मैलाचा दगड. तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या 60 दिवसांत ती डिस्क उडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या 39 पट निघाली. पण नाण्याची दुसरी बाजूही त्यातच आहे: ज्या डिस्क उडाल्या त्यांपैकी 56 टक्क्यांनी स्मार्टच्या चार मुख्य धोक्याच्या नोंदींपैकी एकही दाखवली नव्हती. सगळं हिरवं दिसतंय म्हणून बॅकअप टाळणाऱ्यांनी हा आकडा कपाटावर चिकटवून ठेवावा.

चटकन काही

तपासणीत लिहिले जाणारे आकडे उगाच निवडलेले नसतात. लिनक्सवरचं बॅडब्लॉक्स लिहून तपासताना आधी एए, मग 55, मग एफएफ आणि शेवटी 00 लिहितं. बिट्समध्ये मांडा: 10101010, त्याच्या नेमकं उलट 01010101, मग सगळे एक, मग सगळे शून्य. प्रत्येक बिटला दोन्ही बाजूंनी वळवून पाहायचं, कुणी एकाच बाजूला अडकलाय का ते.

तपासणी जसजशी पुढे जाते तसतसा वेग उतरत उतरत शेवटी जवळपास निम्म्यावर येतो. घाबरू नका. वाचन बाहेरच्या कडेपासून सुरू होतं. वारीच्या रिंगणात बाहेरच्या कडेला जास्त माणसं मावतात, तसे बाहेरच्या ट्रॅकवर जास्त सेक्टर मावतात. फेरा मात्र दोन्हीकडे सारख्याच वेळात होतो.

साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची बाहेरची कड ताशी सुमारे 130 किलोमीटरने धावते. हेड तिच्यावर काही नॅनोमीटर अंतर ठेवून तरंगतं, माणसाचा केस याच्या हजारो पट जाड. आणि ते तरंगतं हवेवर, म्हणून साध्या डिस्कला श्वास घ्यायला एक छोटंसं भोक असतं, 'हे झाकू नका' असं लिहिलेलं. याच कारणाने बहुतेक डिस्कवर समुद्रसपाटीपासून साधारण 3000 मीटरची मर्यादा घातलेली असते. 3500 मीटरवरच्या लेहमध्ये हवा विरळ, हेड खाली झुकणार. हेलियम भरून सीलबंद केलेल्या डिस्क 2013 पासून बाजारात आहेत, त्यांना हे भोक नसतं.

वीज अचानक गेली तर तरंगतं हेड तबकडीवर आपटत का नाही? तबकडी फिरतच असते, मोटर त्या क्षणी जनित्र बनते आणि त्या शेवटच्या विजेवर हेड आपल्या थांब्यावर जाऊन बसतं. एक्सटीच्या काळात हे काम माणसाकडे होतं. संगणक हलवायचा असेल तर 'पार्क' हा प्रोग्राम आठवणीने चालवावा लागे.

500 जीबीची डिस्क विंडोजमध्ये 465 का दिसते? कारखाना 1000ने मोजतो, विंडोज 1024ने. कुणी काही चोरलेलं नाही.

4 टीबीची डिस्क एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचायला आठ तास सहज लागतात. रात्री लावा, सकाळी बघा.

आरडाओरडा, गाणं आणि आगीचा सराव

2008च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याचा एक व्हिडिओ गाजला. त्यात तो रॅकमधल्या डिस्कसमोर उभा राहून जिवाच्या आकांताने ओरडतो आणि शेजारच्या पडद्यावर डिस्कचा प्रतिसाद मंदावल्याचे उंच ठिपके लगेच उमटतात. आवाज म्हणजे कंपनं आणि नॅनोमीटरच्या हिशोबात राहणाऱ्या हेडला तेवढी पुरतात. तपासणी करताना डिस्क पंख्याच्या किंवा स्पीकरच्या शेजारी ठेवू नका, यामागचं कारण हेच.

त्याहून अजब किस्सा मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी 2022 मध्ये सांगितला. विंडोज एक्सपीच्या काळात एका कंपनीला आढळलं की जॅनेट जॅक्सनचं 'ऱ्हिदम नेशन' लावलं की काही लॅपटॉप बंद पडतात. इतकंच नव्हे, एका लॅपटॉपवर गाणं लावलं तर शेजारचाही बंद पडायचा. गाण्यातला एक सूर 5400 फेऱ्यांच्या त्या डिस्कच्या स्वाभाविक कंपनाशी जुळत होता. कंपनीने गुपचूप आवाजाच्या यंत्रणेत गाळणी घालून तो सूर काढून टाकला. या प्रकाराला सुरक्षेतल्या त्रुटींच्या यादीत रीतसर क्रमांकही मिळाला.

2016 च्या सप्टेंबरात बुखारेस्टमध्ये मात्र खरंच नुकसान झालं. आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी होती. पाण्याने यंत्रं भिजू नयेत म्हणून वायू सोडायचा, पण तो इतक्या प्रचंड आवाजाने सुटला की डझनावारी हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि बँकेची कार्डसेवा सुमारे दहा तास ठप्प.

पुसायचं असेल तर

जुनी डिस्क विकताना 35 वेळा पुसा, असं सांगणारे भेटतात. हा आकडा पीटर गुटमन यांच्या 1996 च्या निबंधातला. त्यातले 35 नमुने एका डिस्कसाठी नव्हतेच. तेव्हाच्या वेगवेगळ्या पद्धतीच्या डिस्कसाठी वेगवेगळे होते आणि सगळे मिळून 35. खुद्द गुटमन यांनीच पुढे सांगितलं की आधुनिक डिस्कवर हा खटाटोप निरर्थक आहे. फिरत्या तबकडीच्या आजच्या डिस्कला शून्यांचा एक पूर्ण फेरा पुरतो. विंडोज व्हिस्टापासून पुढे साधं पूर्ण फॉरमॅटही शून्य लिहितं, क्विक फॉरमॅट मात्र फक्त सातबारा फाडतं. एसएसडीला हे लागू नाही, तिच्यासाठी 'सिक्युअर इरेज' ही आज्ञा वापरायची.

पुसणं सोपं आणि तरी डिस्क किती चिवट, याचं उदाहरण माझ्या मनातून जात नाही. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कल्पना चावला आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांना घेऊन परतणारं कोलंबिया यान आकाशात फुटलं. अवशेषांत काही महिन्यांनी एक हार्ड डिस्क सापडली, जळून, वितळून ओळखू न येणारी. यानात झेनॉन वायूच्या चिकटपणावर एक प्रयोग झाला होता, त्याची मोजमापं तिच्यात होती. अमेरिकेतल्या डेटा-रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत तबकड्या बाहेर काढून साफ केल्या, नव्या सांगाड्यात बसवल्या. खरचटलेला भाग होता, पण डिस्कवर डॉस होतं आणि डॉसने सगळा मजकूर एकाच पट्ट्यात सलग लिहिला होता, ओरखड्यांपासून दूर. सुमारे 99 टक्के डेटा मिळाला. 2008 साली त्या मोजमापांवरचा शोधनिबंध 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकात छापून आला.